हॅवलॉक की नील? अंदमानात मुक्काम कुठे करावा

पहिल्यांदा हॅवलॉकला गेलो तेव्हा खोली फोटो बघून घेतली होती. फोटोत दारापासून वीस पावलांवर निळंशार पाणी. आम्ही पोचलो दुपारी दोनला आणि त्या पाण्याच्या जागी दूरवर नुसते काळे खडक, तुटलेली प्रवाळं आणि इकडून तिकडे पळणारे खेकडे. आई म्हणाली, "अरे, समुद्र गेला कुठे?" ओहोटी लागली होती. फोटो खोटा नव्हता, तो भरतीच्या वेळी काढलेला होता इतकंच. पुढच्या खेपेला मी आधी किनारा ठरवला आणि मग त्या किनाऱ्यावर खोली शोधली. अंदमानला निघालेल्या प्रत्येकाला मी हाच क्रम सांगतो. तिथे खोली कशी आहे यापेक्षा ती बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, यावर सुट्टी जास्त अवलंबून असते.

आधी नावांचं बघू, कारण बुकिंग करताना घोळ होतो. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेटाचं नाव स्वराज द्वीप आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानीचं पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. बोलण्यात अजून जुनीच नावं जास्त ऐकू येतात, बोटीच्या तिकिटांवर मात्र नवी दिसतात. या लेखात मी रूळलेली नावं वापरतोय.

हॅवलॉक सुमारे ९२ चौरस किलोमीटरचं, बरंचसं दाट जंगलाचं. नील जेमतेम १४ चौरस किलोमीटरचं, भाजीच्या मळ्यांचं आणि नारळी-सुपारीचं. अंदमानची बरीचशी भाजी नीलहून येते. दोन्हीकडे वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची, म्हणून गावांची नावंही तशीच आहेत. हॅवलॉकला गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. नीलला थेट रामायण, म्हणजे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. ही नावं लक्षात ठेवा, कारण खरी निवड यांच्यातच करायची आहे.

हॅवलॉक: पूर्व किनारा की राधानगर

हॅवलॉकला बोट उत्तरेच्या धक्क्याला लागते. तिथून थोडं पुढे गोविंदनगरचा बाजार, ज्याला सगळे 'नंबर तीन' म्हणतात. इथे रस्ता फुटतो. एक फाटा पूर्व किनाऱ्याने विजयनगर, म्हणजे 'नंबर पाच', आणि पुढे काळापत्थरकडे जातो. दुसरा जंगलातून बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला, म्हणजे 'नंबर सात'ला. धक्क्यापासून राधानगर दहा-बारा किलोमीटर भरतं.

राहण्याच्या बहुतेक जागा पूर्वेला आहेत. साध्या बांबूच्या झोपड्यांपासून चांगल्या रिसॉर्टपर्यंत सगळं मिळतं, खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर, डायव्हिंगची केंद्रंही इथेच. सकाळी सूर्य समोरून उगवतो. भरतीला पाणी अगदी नारळांच्या बुंध्यांपर्यंत येतं आणि शांत असतं, तळ्यासारखं. पण ओहोटीला आईने जे पाहिलं ते दिसतं. खडक उघडे पडतात आणि पोहणं काही तासांसाठी बंदच होतं.

राधानगरला हा प्रश्न नाही. सुमारे दोन किलोमीटरची पांढरी, मऊ वाळू, खाली खडक नाहीत, त्यामुळे ओहोटीलाही पाण्यात उतरता येतं. 'टाइम' मासिकाने २००४ साली याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. मागे प्रचंड उंच झाडांची भिंत, समोर मावळतीचा सूर्य. मी पाहिलेल्या किनाऱ्यांमध्ये याची बरोबरी करणारा दुसरा नाही आणि हे लिहिताना माझा हात अजिबात आखडत नाही. राहायला मात्र इथे जागा मोजक्या, आणि ज्या आहेत त्यातल्या चांगल्या जागा महाग. ताजचं रिसॉर्ट याच बाजूला आहे. बाजार नाही, संध्याकाळनंतर हालचाल नाही.

मग पूर्वेला राहून राधानगर फक्त बघायला जायचं का? बहुतेक लोक हेच करतात आणि ते चुकीचं नाही. फक्त घड्याळ बदलून घ्या. अंदमान रेखांशाने मुंबईच्या वीस अंश पूर्वेला आहे आणि तरी वेळ आपलीच पाळतं. त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक लवकर मावळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि साडेपाचला काळोख. दुपारी जेवून, वामकुक्षी काढून चार वाजता निघालात तर हाती काही लागत नाही. तीनपर्यंत निघा. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, कारण जंगलातल्या त्या रस्त्यावर अंधारात भाड्याची स्कूटी चालवणं नवख्या माणसाने टाळावं.

राधानगरला आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यायची. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये इथल्याच जवळच्या छोट्या खाडीत, नील्स कोव्हला, मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला. पोहण्यासाठी आखून दिलेल्या पट्ट्यातच उतरा, जीवरक्षकांचं ऐका, आणि किनाऱ्याच्या टोकाला जिथे ओढा मिळतो तिकडे मुलांना नेऊ नका. या भीतीने किनारा टाळायचं कारण नाही, पण पाटी वाचायचा कंटाळा करू नये.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगसाठी धक्क्यावरून बोटीने जातात. तिथे राहायची सोय नाही, त्यामुळे या निवडीत त्याचा संबंध नाही. एकेकाळी या बेटांवर लाकूड ओढायला आणलेले हत्ती होते. त्यांच्यातला राजन नावाचा समुद्रात पोहणारा हत्ती हॅवलॉकवरच २०१६ मध्ये गेला. त्याला पाहायची माझी संधी हुकली याची हळहळ अजून आहे.

तारीख पंचांग बघून ठरवा

हा भाग कुठल्याच पॅकेजमध्ये सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार बेताचा. अंदमानात रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पूर्व किनाऱ्यावर राहणार असाल आणि दारातल्या पाण्यात पोहायचं असेल, तर भांगाचे दिवस निवडा. पाणी तितकंसं आत जात नाही. उधाणाच्या दिवसांत जाणार असाल तर राधानगरच्या बाजूला राहण्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

उधाणाचेही फायदे आहेत. नीलला लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे, तिला तिथे 'हावडा ब्रिज' म्हणतात. तिच्यापर्यंत ओहोटीलाच जाता येतं आणि पाणी जितकं उतरलेलं तितकं चांगलं. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, शंख, छोटे मासे असं सगळं उघड्यावर दिसतं. आणि हॅवलॉकला अमावास्येच्या रात्री खारफुटीत कयाक घेऊन गेलं तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला पाणी निळसर चमकतं. चांदणं असलं की ती चमक दिसत नाही.

वेळांसाठी मात्र कोकणातला तिथीचा हिशोब तिथे लावू नका. सर्व्हे ऑफ इंडिया पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढतं, त्यावरून बघा.

नील: लहान, पण एक दिवसाचं नव्हे

बरीच पॅकेजं नील एका दिवसात उरकतात. सकाळी बोट, भरतपूर, लक्ष्मणपूर, जेवण, परत. माझा याला ठाम विरोध आहे. नीलचं सगळं सुख तिथे कसलीही घाई नसण्यात आहे आणि दिवसाच्या सहलीत नेमकी घाईच असते. भाड्याची सायकल काढून मळ्यांमधल्या रस्त्याने निघालं की अर्ध्या दिवसात बेट पालथं घालता येतं आणि उरलेला दिवस झाडाखाली पडून राहता येतं. त्यासाठी दोन रात्री हव्यात.

भरतपूरच्या किनाऱ्यालाच धक्का आहे, बाजार जवळ. भरतीला इथलं पाणी उथळ, स्वच्छ आणि फिकट हिरवं असतं, लहान मुलांसाठी याहून चांगलं पाणी मला दोन्ही बेटांवर सापडलं नाही. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं, म्हणजे पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही ते बघता येतं. दिवसा गर्दी मात्र इथेच होते. लक्ष्मणपूर पश्चिमेला, सूर्यास्ताचं, रुंद आणि शांत. सीतापूर दुसऱ्या टोकाला, सूर्योदयाचं. तिथे लाटा जरा जोरात येतात आणि संध्याकाळी बाजारात यायला वाहन लागतं. माझी पसंती लक्ष्मणपूरला. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर भरतपूर, कारण सामानासकट धक्क्यापर्यंतचं अंतर किरकोळ. त्यांना त्या दगडी कमानीकडे नेण्याचा आग्रह मात्र धरू नका. वाट शेवाळलेल्या, टोकदार खडकांतून आहे.

आईला विचाराल तर ती नीलच म्हणेल. हॅवलॉकला तिला सारखं कुठूनतरी कुठेतरी जायचं होतं. नीलला ती पहाटे पाचला उठून चहा घेऊन वाळूत बसायची, आणि तेवढ्यात लख्ख उजाडलेलं असायचं.

राहण्याचा खर्च नीलला सहसा थोडा कमी येतो, पण पर्यायही कमी. हंगामात उशीर केलात तर चांगल्या जागा जातात. दवाखाने दोन्हीकडे आहेत, पण गंभीर काही झालं तर पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातच यावं लागतं. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या थांब्यांत हॅवलॉक आहे, नील नाही. कामाचा लॅपटॉप घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. रोख पैसे दोन्हीकडे जवळ असू द्या.

बोट, पाणबुड्यांचा नियम आणि शेवटची रात्र

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण बोटींनी जोडलेला आहे, त्यामुळे दोन्ही बेटं करताना उलटा प्रवास पडत नाही. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी कॅटामरान दीडेक तासात नेते, सरकारी बोट दोन ते अडीच तासांत. खासगी बोटीत बहुतेक वेळ बंद वातानुकूलित कक्षात बसावं लागतं, सरकारी बोटीत डेकवर वारा खात उभं राहता येतं. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. हॅवलॉक ते नील तासाभराचा पल्ला. बोटी दिवसाउजेडीच सुटतात, म्हणून विमान दुपारी उतरणार असेल तर त्याच दिवशी बेट गाठायचा हिशोब मांडू नका. आणि आधी बोटीचं तिकीट, मग खोली, हा क्रम हंगामात सोडू नका.

डायव्हिंग शिकायचं किंवा दोन-चार दिवस रोज करायचं असेल तर प्रश्नच नाही, हॅवलॉक. प्रशिक्षक, बोटी, नेमो रीफसारखी नवख्यांसाठी सोपी आणि डिक्सन्स पिनॅकलसारखी अनुभवी लोकांसाठी खोल ठिकाणं, सगळं तिथे आहे. नीललाही केंद्रं आहेत, संख्येने कमी. पण एक नियम खोलीच्या आखणीवर थेट परिणाम करतो: एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि घाई केली तर विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात. म्हणून डायव्हिंग आधी, नील नंतर आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला.

हवामान हे शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढण्याचं दुसरं कारण. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने बोटी थांबल्या आणि शेकडो पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकून पडले. नौदलाला जहाजं पाठवावी लागली. असं रोज होत नाही, पण एखादी फेरी रद्द होणं अगदी नित्याचं आहे. विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून निघण्याची जोखीम मी तरी घेत नाही.

तिसरं कारण सेल्युलर जेल. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. अंगणातला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम अंधार पडल्यावरच होतो, म्हणजे तो बघायचा तर रात्र गावातच काढावी लागते.

पाच रात्री असतील तर माझी वाटणी अशी: हॅवलॉक दोन, नील दोन, पोर्ट ब्लेअर एक. डायव्हिंग करणाऱ्याने हॅवलॉक तीन, नील एक करावं. चारच रात्री असतील तर दोनपैकी एकच बेट निवडा. तरुण मंडळी हॅवलॉक, आईवडील किंवा लहान मूल बरोबर असेल तर नील. आणि खोली घेण्याआधी यजमानांना फोन करून एवढंच विचारा, "ओहोटीला तुमच्या समोर काय दिसतं? तेव्हाचा एक फोटो पाठवाल का?" दुसऱ्या खेपेला मी तीन ठिकाणी विचारलं. एकाने लगेच पाठवला, खडकांसकट. आम्ही तिथेच राहिलो.