डेबियन सिडवर रोजचं अपडेट: साधं अपग्रेड की फुल-अपग्रेड?

सिड (डेबियन लिनक्सची रोज बदलणारी अस्थिर आवृत्ती) टाकलंय आणि अपडेट कसं मारायचं कळत नाहीये, तर आधी माझं मत सांगून टाकतो: रोज साधं अपग्रेड, आणि फुल-अपग्रेड हाताशी निवांत वेळ असेल तेव्हाच.

ॲप्ट म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर (पॅकेज) टाकायचं-काढायचं साधन. 'ॲप्ट अपग्रेड' गरज पडली तर नवीन पॅकेज आणतं पण असलेलं काही काढत नाही. 'ॲप्ट फुल-अपग्रेड' मात्र गणित जुळवायला आड येईल ते काढून टाकतं, मग तो तुमचा अख्खा डेस्कटॉप का असेना.

2024 चं टाइम-टी प्रकरण आठवा. 32-बिट मशीनवर 2038 नंतर तारखा गंडू नयेत म्हणून ढीगभर लायब्ररींची नावं बदलली, लिबएसएसएल3 चं लिबएसएसएल3टी64 झालं वगैरे. आता नवीन बसवायची तर जुनी काढावीच लागते, त्यामुळे साधं अपग्रेड अडून बसलं, आणि फुल-अपग्रेड मारावं तर अजून नव्याने बिल्ड न झालेल्या गोष्टी काढायची यादी ही लांबलचक. घाईत वाय दाबलं की गेलं. थांबलेल्यांना पुढे फुल-अपग्रेडच करावं लागलं पण शांतपणे, म्हणजे ते कायमचं टाळून पण चालत नाही.

मी आधी 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' मारतो, ते नुसतं काय होईल ते दाखवतं, रूट (ॲडमिनचे अधिकार) पण लागत नाही. नव्या ॲप्टमध्ये 'रिमूव्हिंग' खालची नावं लाल दिसतात, तेवढीच वाचायची, एखादी जुनी लायब्ररी जात असेल तर जाऊ दे, पण डेस्कटॉपचं नाव दिसलं की खरं फुल-अपग्रेड मारायचंच नाही आणि चहा घ्यायचा. सोबत ॲप्ट-लिस्टबग्ज टाकून ठेवा, गंभीर बग नोंदलेला असेल तर इन्स्टॉलच्या आधीच विचारतं.

बाकी एक्सझेडसारखं (फाइल्स दाबून लहान करणारं साधन) काही आलं तर दोन्ही सारखेच, 29 मार्च 2024 ला त्यातला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) उघड झाला तेव्हा 5.6.0 आणि 5.6.1 साध्या अपग्रेडने पण आले असते, आणि सुटका पण अपग्रेडनेच, त्या व्हर्जनचं नाव '5.6.1+रिअली5.4.5', म्हणजे नंबर पुढचा आणि माल मागचा 😄

अजून एक, 'ॲप्ट' इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेल्या डेब फाइल्स (पॅकेजच्या फाइल्स) पुसून टाकतं, 'ॲप्ट-गेट' (त्याचंच जुनं रूप) ठेवतं. जुन्या व्हर्जनवर मागे जायची वेळ आली की त्या फाइल्सची किंमत कळते, म्हणून ॲप्ट-गेट वापरा नाहीतर बीटीआरएफएस फाइल सिस्टीमचा स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची प्रत) घेऊन मगच एंटर दाबा. फक्त 'ॲप्ट-गेट अपग्रेड' नवीन पॅकेज पण आणत नाही, तिथे '--विथ-न्यू-पीकेजीएस' जोडावं लागतं.