कोब्यावरचे गंजाचे डाग: ॲसिड, लिंबूसत्त्व की ऑक्झॅलिक?

ग्रिलच्या पायाशी, टाकीच्या अँगलखाली, कुंड्यांच्या लोखंडी स्टँडभोवती कोब्यावर तांबूस डाग पडले की तीन नावं पुढे येतात: हार्डवेअरच्या दुकानातलं साधं ॲसिड, किराण्यातलं लिंबूसत्त्व आणि मार्बल पॉलिशवाले वापरतात ती ऑक्झॅलिक पावडर. गंज तिन्हींनी सुटतो. डाग गेल्यावर कोब्याचं काय होतं, तिथे तिन्हींचे रस्ते वेगळे होतात.

आधी एक खात्री करून घ्या. डाग भेगेच्या रेषेत असेल आणि हातोडीने हलकेच ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर गंज आतल्या सळईचा आहे. तिथे यातलं काहीच लावू नका. ते काम दुरुस्तीवाल्याचं. साध्या ॲसिडमधलं क्लोराइड तर सळईचा गंज वाढवतंच.

साधं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. झटपट काम हा त्याचा गुण, आणि तो खरा आहे. ओतल्याबरोबर जी फसफस दिसते, तिच्यावरच लोक खूश होतात. पण फसफसतं ते सिमेंट, गंज नव्हे. गंज मुकाट्याने विरघळतो, आणि तेवढ्या वेळात कोब्याची घोटलेली वरची साय निघून जाऊन खालची वाळू उघडी पडते. तांबडा डाग गेला, पण त्याच जागी पांढरट, खरखरीत चकती राहिली. हात फिरवला की ती वेगळी लागते. त्या खरखरीत जागेत पाणी आणि माती धरून राहते आणि पावसाळ्यात नेमकी तीच चकती सगळ्यात आधी शेवाळून काळी पडते. माझ्यासाठी ॲसिड बाद झालं ते एवढ्यावरच. गंजाचा डाग एक वेळ निघेल, ही चकती घोटाई पुन्हा केल्याशिवाय जात नाही. शिवाय स्वस्त ॲसिडला जो पिवळा रंग असतो, तो बहुधा त्यात उतरलेल्या लोखंडाचाच. म्हणजे डाग काढताना थोडं लोखंड आपणच ओततो. वाफेने शेजारचं ग्रिल गंजतं ते वेगळंच.

लिंबूसत्त्वाचा स्वभाव सौम्य. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम विरघळवून डागावर ओता, वीस-पंचवीस मिनिटं ओलं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासून धुऊन टाका. कुंडीत घातलेलं हिराकस (फेरस सल्फेट) वाहून पडलेले ताजे नारिंगी ओघळ याने छान जातात. लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असलेल्या घरात सुरुवात यानेच करावी. मात्र वर्षभर मुरलेला डाग दोन-तीन हातांनंतरही फिका होऊन तिथेच थांबतो. आणि लवकर जात नाही म्हणून रात्रभर ठेवलं, तर हेही सिमेंट खातंच.

जुन्या डागाला माझा कौल ऑक्झॅलिकला. ते गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात उतरवतं, पण सिमेंटच्या चुन्याशी त्याचं जे कॅल्शियम ऑक्झलेट बनतं ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग फारसा खात नाही. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर गरम पाणी घेऊन त्यात 80 ते 100 ग्रॅम पावडर टाका. आजूबाजूचा कोबा भिजवून घ्या आणि द्रावण फक्त डागावर ओता. दहा मिनिटांत तांबडं पाणी पिवळट हिरवं होऊ लागलं की गंज सुटतोय असं समजा. घासा, भरपूर पाण्याने धुवा. शेवटी बादलीभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा टाकून ते फिरवा.

इथे चुकतं ते उन्हामुळे. हे पाणी उन्हात वाळलं की फेरस ऑक्झलेटचा पिवळा थर बसतो आणि तो साध्या पाण्याने निघत नाही. म्हणून सकाळी किंवा सावलीत काम करा, डाग सुकू देऊ नका. उभ्या कठड्यावर द्रावण टिकत नाही. तिथे त्यात शंखजिऱ्याची पूड कालवून लेप द्या, वर प्लास्टिक चिकटवून तीन-चार तास ठेवा. खडूची पूड वापरू नका, ती ॲसिड स्वतःच पिऊन टाकते.

ऑक्झॅलिकचा दोष म्हणजे ते विषारी आहे, आणि दिसतं साखरेसारखं. स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा वापरू नये. हातमोजे, चष्मा हवा. पूड उडू देऊ नका.

तिन्हींपैकी काहीही वापरा, पण तारेचा ब्रश नको. तुटलेल्या तारा कोब्यात अडकतात आणि आठवड्याभरात नवे ठिपके देतात. ब्लीचने गंज जात नाही. ते तिन्हींपैकी कोणत्याही ॲसिडात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एका दिवशी हातातही घेऊ नयेत. जुन्या घरातल्या लाल कोब्यावर तिन्ही वर्ज्य, कारण त्याचा लाल रंगही लोहाचाच असतो आणि डागाबरोबर तोही उतरतो. शहाबादी चुनखडीची, तिलाही साधं ॲसिड आणि लिंबूसत्त्व लावू नये. ऑक्झॅलिकसुद्धा आधी कोपऱ्यात लावून पाहावं.

कोबा पूर्ण वाळला की ग्रिलचा पाय खरवडून रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या, त्यावर ऑइल पेंट. कुंड्यांच्या स्टँडला रबरी बूच बसवा.