सायकलच्या फ्रेमवरचे स्टिकर काढायला: ड्रायर, थिनर की थेट पावडर कोटिंग?

आधी स्टिकरच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख अडलं तर स्टिकर रंगावर चिकटवलेला आहे, घरच्या घरी निघेल. नख सरळ पुढे सरकलं तर वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर आहे. मग ड्रायर, तेल वगैरे सगळं व्यर्थ. वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) लॅकर घासायची आणि नंतर पुन्हा मारायची तयारी हवी.

रंगावर चिकटवलेल्या स्टिकरसाठी माझं मत हेअर ड्रायरला. ऊब लागली की गम सैल होतो. एक कोपरा तापवून नखाने उचलायचा, मग पट्टी उभी न खेचता फ्रेमलगत मागे दुमडून सावकाश ओढायची आणि ड्रायर तिच्या पुढे पुढे न्यायचा. घाई केलीत की वरचा पापुद्रा फाटतो आणि गम फ्रेमवरच राहतो. डिसेंबरात नाशिकच्या सकाळच्या गारठ्यात हे काम काढू नका, स्टिकरचा चुरा होतो. एप्रिलात सायकल अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवली तरी निम्मं काम उरकतं. हीट गन झटपट खरी, पण ती शेकडो अंशांपर्यंत तापते. रंगाला फोड येतात, आणि कार्बनच्या फ्रेमजवळ तर ती आणूच नये, आतलं रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारा पदार्थ, बिघडतं.

थिनरने गम चटकन जातो, पण पाठोपाठ रंगही. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचंही तेच. राहिलेल्या गमाला रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० पुरेसं आहे. खोबरेल तेल त्याहून संथ, पण रंगाला अपाय नाही. थंडीत ते गोठलेलं असतं ते उलट सोयीचं. खालच्या नळीवर थापलं तर ओघळत नाही. पाऊण तासाने जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, ब्लेडने नको. यातलं काहीही रिमला किंवा डिस्कला लागू देऊ नका, नाहीतर त्र्यंबक रोडच्या उतारावर ब्रेक दाबाल आणि सायकल थांबणारच नाही. शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून काढा.

पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत पक्की करण्याची कामं नाशिकच्या सातपूर-अंबडकडे होतात. त्यासाठी बेअरिंगसकट अख्खी सायकल उघडावी लागते आणि फ्रेम साधारण १८०-२०० अंशांच्या भट्टीत जाते. स्टीलला चालतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत आधी फ्रेमच्या कंपनीला विचारा. कार्बनला अजिबात नाही. फक्त स्टिकर नकोत म्हणून हा खर्च मला पटत नाही. रंगच उडालेला असेल तर गोष्ट वेगळी.

सायकल वर्षानुवर्षं उन्हात उभी असेल, विशेषतः लाल रंगाची, तर स्टिकरखालचा रंग गडद राहिलेला असतो आणि कंपनीचं नाव तसंच उमटून दिसतं. रबिंग कंपाउंडने ओरखडे जातात, ही सावली पूर्ण जात नाही. अशा फ्रेमवर रेडियमवाल्याकडून त्याच मापाची नवी पट्टी कापून लावणं सगळ्यात स्वस्त.