एकच सी फाइल, चार प्रोसेसरची असेंब्ली: जीसीसी टाकावं की क्लँग?

सीमधलं एखादं फंक्शन एआरएमवर कसं दिसतं, रिस्क-फाइव्हवर कसं दिसतं हे कमांड लाइनवरून बघायचंय आणि जीसीसी, क्लँग यातला कुठला कंपायलर टाकायचा कळत नाहीये, तर आधी एवढंच ठरवा की असेंब्ली (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन, वाचता येतील अशा शब्दांत) फक्त वाचायचीय की पुढे बोर्डवर चालवायचीय पण. माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय इथेच होतो. फक्त वाचायची असेल तर क्लँग टाका, चालवायची असेल तर त्या बोर्डाचं जीसीसी टाका. आता का ते सांगतो.

मूळ स्विच दोघांचा एकच, डॅश कॅपिटल एस. तो दिला की कंपायलर असेंब्ली लिहून थांबतो, असेंबलर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा) आणि लिंकर (तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम करणारा) यांच्यापर्यंत जातच नाही. आणि क्लँगला खरा फायदा इथेच मिळतो, कारण क्लँगच्या एकाच प्रोग्राममध्ये बरेच प्रोसेसर आधीच भरलेले असतात, एक्स८६, एआरएम, रिस्क-फाइव्ह, मिप्स, पॉवरपीसी वगैरे, तुम्ही फक्त दोन डॅश टार्गेट (म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड हवाय तो) लिहून पुढे नाव द्यायचं. लिंकर लागत नाही म्हटल्यावर त्या प्रोसेसरची लायब्ररी, लिंकर काहीच टाकायला लागत नाही. आपल्या क्लँगमध्ये नक्की काय काय आहे ते डॅश प्रिंट टार्गेट्स देऊन बघून घ्या, कारण ते ज्याने बिल्ड केलंय त्याने कमी टार्गेट ठेवलेले असू शकतात.

जीसीसीचं तसं नाही. जीसीसीचा एक बिल्ड म्हणजे एक टार्गेट, म्हणून ६४ बिट एआरएमचं जीसीसी वेगळं, ३२ बिट एआरएमचं वेगळं, त्यात लिनक्स चालणाऱ्या एआरएमचं वेगळं आणि ऑपरेटिंग सिस्टम नसलेल्या मायक्रोकंट्रोलरचं अजून वेगळं. प्रत्येकाच्या नावापुढे ते लांबलचक टार्गेटचं नाव जोडलेलं असतं. डेबियन, उबुंटूवर ही सगळी पॅकेज तयार मिळतात त्यामुळे त्रास फार नाही, पण चार प्रोसेसर म्हणजे चार इन्स्टॉल, आणि बऱ्याचदा चारही वेगवेगळ्या व्हर्जनचे, मग फरक प्रोसेसरमुळे पडला की व्हर्जनमुळे हे कळत नाही. तुलना करायची असेल तर मला हे फार खटकतं. (मॅकवर गंमत वेगळी, तिथे जीसीसी अशी कमांड दिली तरी आतून क्लँगच चालतो, त्यामुळे आधी व्हर्जन विचारून घ्या.)

आता एक उदाहरण जवळून बघू, म्हणजे बोलतोय ते पटेल. फंक्शन इतकंच, ३२ बिटचा अनसाइन्ड नंबर घ्यायचा आणि १० ने भागून परत द्यायचा. ऑप्टिमायझेशन लेव्हल २ लावा, ती नसेल तर जे निघतं ते वाचून काही शिकायला मिळत नाही, नुसतं स्टॅकवर टाकणं आणि परत उचलणं दिसतं. ६४ बिट एक्स८६ वर भागाकाराची इन्स्ट्रक्शन दिसणारच नाही, त्याऐवजी ३४३५९७३८३७ ने (म्हणजे २ च्या ३५ व्या घाताच्या साधारण दहाव्या भागाने) गुणाकार आणि मग ३५ बिट उजवीकडे शिफ्ट. ६४ बिट एआरएमवर युक्ती तीच, पण तिथली प्रत्येक इन्स्ट्रक्शन ३२ बिटची असते, त्यात एवढा मोठा आकडा मावत नाही, म्हणून तो दोन तुकड्यात भरतात, आधी खालचे १६ बिट म्हणजे ५२४२९ आणि मग वरचे १६. ३२ बिट रिस्क-फाइव्हला गुणाकाराचं एम एक्सटेन्शन दिलंत तर गुणाकाराचा वरचा अर्धा भाग (वरचे ३२ बिट) थेट घेऊन फक्त ३ ने शिफ्ट होतं. आणि नुसतं बेसिक आरव्ही३२आय (एक्सटेन्शन नसलेलं ३२ बिट रिस्क-फाइव्ह) दिलंत तर गुणाकार हार्डवेअरमध्ये नाहीच, मग लायब्ररीतल्या भागाकाराच्या फंक्शनला कॉल दिसतो. एका ओळीच्या सीमधून चार वेगळ्या गोष्टी निघतात, मला हे आजही बघायला आवडतं.

इथेच मी एकदा फसलो होतो. कॉर्टेक्स-एम० (एआरएमचा मायक्रोकंट्रोलरमधला छोटा कोअर) साठी बघायचं होतं, टार्गेट एआरएम दिलं आणि सीपीयू द्यायचा राहिला. आउटपुटमध्ये लांब गुणाकार (३२ बिटचे दोन आकडे गुणून ६४ बिट उत्तर देणारा) छान दिसला आणि मी धरून चाललो की एम० वर भागाकार स्वस्त आहे. तो कोड एम० चा नव्हताच, सीपीयू सांगितला नाही की जुन्या एआरएम७टीडीएमआय धाटणीचा कोड मिळतो, आणि एम० ला ती लांब गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही, तिथे लायब्ररी कॉल जातो. त्यामुळे जीसीसी असो की क्लँग, डॅश एमसीपीयू लिहून नेमका कोअर सांगा, नुसतं एआरएम म्हणणं पुरत नाही.

क्लँगचा मोठा अडथळा हेडरचा. फाइलमध्ये एसटीडीआयओ इन्क्लुड केलं आणि दुसरं टार्गेट दिलं की तो तुमच्याच मशीनचं हेडर उचलतो आणि बिट्स फोल्डरातली कुठली तरी फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. नवीन माणूस इथेच सोडून देतो, खरं तर उपाय सोपा आहे, जे फंक्शन बघायचंय ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यात काहीच इन्क्लुड करू नका, आणि ठरावीक बिटचे टाइप हवेच असतील तर डॅश एफ फ्रीस्टँडिंग लावा म्हणजे क्लँग स्वतःजवळचं हेडर वापरतो. अख्खा प्रोजेक्टच दुसऱ्या प्रोसेसरसाठी करायचा असेल तर मात्र सिसरूट (त्या प्रोसेसरचे हेडर आणि लायब्ररी ठेवलेला फोल्डर) लागतो, आणि मग जीसीसीचं तयार पॅकेजच बरं, त्यात लायब्ररी, लिंकर सगळं जुळवून आलेलं असतं.

एव्हीआर, म्हणजे आर्डुइनो उनोमधली एटीमेगा३२८पी चिप, तिथे मी सरळ एव्हीआरचं जीसीसीच सांगीन, क्लँगमध्येही एव्हीआर आहे पण लायब्ररीसकट सगळी घडी जीसीसीभोवती बसलेली आहे. लक्षात ठेवा की तिथे इंट १६ बिटचा असतो, त्यामुळे वरचं फंक्शन नुसतं इंट घेऊन लिहिलंत तर तुलना चुकीची होईल. सुपरएच सारखा जुना प्रोसेसर असेल तर मूळ क्लँगमध्ये तो नाहीच. आणि ८०५१ किंवा झेड८० असेल तर दोघंही सोडा, एसडीसीसी (छोट्या चिपांसाठीचा सी कंपायलर) घ्या, त्याचं डीफॉल्ट टार्गेटच ८०५१ आहे आणि असेंब्लीत सीच्या ओळी कॉमेंट म्हणून आपोआप येतात, शिकणाऱ्याला ते फार सोयीचं.

वाचायला सोपं कुठलं म्हणाल तर इथे जीसीसी थोडं पुढे. डॅश एफ व्हर्बोज एएसएम दिलं की कुठल्या व्हेरिएबलचं काय चाललंय ते बाजूला लिहून येतं, नवीन व्हर्जनमध्ये सीची ओळ पण येते. सीएफआय नावाच्या ओळींचा (या इन्स्ट्रक्शन नसतात, डीबगर वगैरेंसाठीची माहिती असते) पसारा दोघांतही असतो, तो असिंक्रोनस अनवाइंड टेबल्स बंद केले की जातो. एक्स८६ वर रजिस्टरच्या नावाआधीच्या टक्केवारीच्या खुणांनी डोळे दुखत असतील तर इंटेल सिंटॅक्स मागा, दोन्हीत मिळतो.

अजून बोर्ड ठरला नसेल तर आज क्लँग टाकून ते १० ने भागायचं फंक्शन दोनतीन टार्गेटवर काढून बघा, बोर्ड हातात आला की त्याचं जीसीसी टाकून तीच फाइल परत काढा आणि दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून वाचा.