तुटेपर्यंत ताणावं का? १९८० आणि २००८ च्या दोन प्रायमरी

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींपुढे प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानाच्या, मोसमात हा पेच उभा राहतोच. आपला उमेदवार मागे पडलाय. तरी त्याच्यासाठी मतदारांना फोन करत राहायचं, की पक्षाचं नुकसान नको म्हणून थांबायचं? डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन लढती शेजारीशेजारी ठेवून बघा.

१९८० मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्याच पक्षाचे टेड केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. जूनमध्ये डेलिगेटांचं (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचं) गणित कार्टर यांच्या बाजूनं सुटलं होतं, तरी केनेडी ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत हटले नाहीत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटच्या रात्री सगळे वाट बघत होते, की दोघं हातात हात घेऊन उंचावतील. केनेडी आले, हस्तांदोलन केलं आणि बाजूला झाले. टीव्हीवर देशानं ते पाहिलं. नोव्हेंबरमध्ये कार्टर यांना ४९ इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं) पडली, रिपब्लिकन रेगन यांना ४८९. अर्थात महागाई आणि तेहरानमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकी यांमुळे कार्टर आधीच खचले होते. केनेडींनी पाडलं, असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्याच सरकारवर स्वपक्षीयानं महिनोन्महिने टीका केली, की विरोधकाचं काम सोपं होतं.

२००८ ची गोष्ट वेगळी. खुर्ची रिकामी होणार होती, म्हणजे रिंगणात तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष नव्हता. ओबामा आणि हिलरी क्लिंटन जानेवारीतल्या आयोवा या पहिल्या राज्यापासून ३ जूनच्या शेवटच्या राज्यांपर्यंत झुंजले. रिपब्लिकनांचा उमेदवार ४ मार्चलाच ठरला होता, त्यामुळे डेमोक्रॅट हळहळत होते. पण लढत लांबल्यामुळेच एरवी कुणी ढुंकून न बघणाऱ्या राज्यांत कार्यालयं उघडली, मतदारनोंदणी झाली, स्वयंसेवक तयार झाले. इंडियानाच घ्या. मे महिन्यात ओबामा तिथे सुमारे १४ हजार मतांनी हरले आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे २८ हजारांनी जिंकले. १९६४ नंतर हे राज्य डेमोक्रॅटांकडे प्रथमच आलं. ओबामांच्या चर्चचे पाद्री राइट यांच्या प्रवचनांचा वादही मार्चमध्येच उसळला. तो ऑक्टोबरमध्ये फुटला असता तर सावरायला वेळ कुठे होता?

तोटाही झालाच. पहाटे तीनला वाजणाऱ्या फोनची हिलरींची जाहिरात ओबामांच्या अननुभवावर बोट ठेवणारी होती; पुढे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनीही हिलरींचीच वाक्यं वापरली. पण ७ जूनला हिलरींनी माघार घेतली, ती मनापासून पाठिंबा देऊन. २७ जूनला दोघं न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या छोट्या गावात एका मंचावर आले. तिथल्या प्रायमरीत दोघांना नेमकी १०७-१०७ मतं पडली होती! ही दिलजमाई मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती अधिवेशनाच्या दोन महिने आधी झाली.

लढत टाळली म्हणजे पक्ष वाचतो, असंही नाही. २०२४ च्या जुलैत बायडन बाजूला झाले, कमला हॅरिस यांना उमेदवारीसाठी झुंजावंच लागलं नाही, आणि तरी त्या हरल्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खुर्ची रिकामी असेल तर बिनधास्त शेवटच्या राज्यापर्यंत फोन करा. आपलाच राष्ट्राध्यक्ष रिंगणात असेल तर दहादा विचार करा. आणि दोन्ही वेळी फोनवर बोलायचा जो मजकूर हाती देतात, तो आधी नीट वाचा. त्यातलं एखादं वाक्य ऑक्टोबरमध्ये समोरच्या पक्षाला जसंच्या तसं वापरता येणार असेल, तर ते वगळून बोला.