निघायची तारीख आणि कोऱ्या सह्या: बोटीवर राहायला जाणाऱ्या नागपूरकरांसाठी

नागपुरातला पसारा आवरून परदेशात शिडाच्या बोटीवर कायमचं राहायला गेलेल्या एका जोडप्याची फसवणूक इथे मांडतो आहोत. नावं आणि ठिकाणं मुद्दाम गाळली आहेत, पद्धत जशीच्या तशी ठेवली आहे. हीच पद्धत दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांवर आणि मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांवरही वापरली जाते. पण बोटीवर जाणारा माणूस तिला लवकर बळी पडतो. मागे त्याचा राहता पत्ता उरत नाही, खोल समुद्रात फोन लागत नाही, आणि काही बिनसलं म्हणून परत यायचं तर आधी बोट कुठल्यातरी मरिनात (बोटी बांधायच्या धक्क्यावर) भाडं भरून सुरक्षित बांधावी लागते. फसवणाऱ्याला हे सगळं नीट ठाऊक असतं. निघायची तारीख कळली की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

या जोडप्याने तिकीट आधी काढलं आणि विकाविकी नंतर सुरू केली. मूळ घोटाळा इथेच झाला. शेवटच्या पंधरा दिवसांत गाडी, प्लॉट, मीटर, बँक असं सगळं एकदम अंगावर आलं, आणि ओळखीतून आलेला एक दलाल म्हणाला, "तुम्ही निवांत जा, काका. मागचं सगळं मी एकहाती निपटवतो."

आधी गाडी. ठरलेल्या रकमेतली बहुतेक रक्कम डीलरने दिली, थोडी 'नाव चढल्यावर' म्हणून राखली, आणि मालकी बदलायच्या आरटीओच्या फॉर्म २९ व फॉर्म ३० वर सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरीच. बाजारात हे सर्रास चालतं, कारण फॉर्म कोरे असले की गाडी दोन-तीन हात फिरवता येते आणि दर वेळी ट्रान्सफरची फी भरावी लागत नाही. तोवर आरसी जुन्याच मालकाच्या नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, मोटार वाहन कायद्यानुसार तोच मालक. मधल्या काळात अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा दावा समुद्रावरच्या माणसावर येतो. ई-चलनंही त्याच्याच नावाने फाटतात.

गाडी डीलरला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते पाहा आणि फॉर्म २९-सी भरून गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना त्याच दिवशी द्या. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते. ओळखीच्या माणसाला थेट विकत असाल तर त्याचं नाव फॉर्मवर आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र आधी लावा, नाहीतर ट्रान्सफर तिथेच अडकेल. ताबा देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नवं नाव दिसल्याशिवाय विमानात बसू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते: फास्टॅग. या गाडीचा टॅग काचेवर तसाच होता आणि खात्याला ऑटो-रिचार्ज लावलेला होता. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर नवा वापरणारा मुंबईला ये-जा करत राहिला आणि टोल जुन्या मालकाच्या खात्यातून कटत राहिला. टॅग ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा, उरलेली रक्कम परत मागा आणि टॅग काचेवरून खरवडून काढा.

मेसेज येत असताना हे कळलं कसं नाही? कारण नंबरच बंद पडला होता. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. म्हणजे बँकेचे ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर. निघण्याआधी वर्षभराचा रिचार्ज करा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि बंदरात पोहोचल्यावर दर महिन्याला एक तरी मेसेज पाठवा. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून जा. दस्तांवरच्या अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत, आणि आपले ठसे कितीतरी कागदांवर असतात.

आता प्लॉट. सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, म्हणून जरा सविस्तर. हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडी या बाजूला ले-आउटमधला मोकळा प्लॉट म्हणजे रोज कोणाची तरी नजर असलेली वस्तू. दलालाने आममुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, लिहून आणलं. तोंडी सांगितलं, "फक्त कर भरायला, आरएलच्या कामाला आणि मीटरला लागते." (आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं सुधार प्रन्यासचं पत्र.) मसुद्यात मात्र मधल्या पानावर 'बयाणा घेणे, मोबदला स्वीकारणे, ताबा देणे, विक्रीपत्र करून देणे' हे सगळं होतं. कागद पाचशेच्या स्टॅम्पवर, नुसता नोटरी केलेला.

खरं तर तो स्टॅम्पच सांगत होता की काहीतरी चुकतं आहे. महाराष्ट्रात आईवडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण, मुलं अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता स्थावर विकण्याचा अधिकार दिला तर मुद्रांक शुल्क जेमतेम लागतं. परक्या माणसाला तोच अधिकार द्यायचा तर विक्रीपत्रासारखं, बाजारभावावर शुल्क भरावं लागतं. दलाल म्हणवणारा माणूस पाचशेत हे उरकतो म्हणतो, तेव्हा कागद कच्चा ठेवण्यात त्याचा फायदा असतो.

त्या कागदावर त्याने विक्रीपत्र केलंच नाही. तीन वेगवेगळ्या लोकांकडून नोटरी केलेल्या बयाणा चिठ्ठीवर पैसे घेतले आणि गायब झाला. चिठ्ठ्यांवर विकणारे म्हणून नाव जोडप्याचं. फसलेल्या तिघांनी नोटिसा काढल्या त्या नागपूरच्या जुन्या पत्त्यावर, आणि त्या घराला कुलूप. कळलं तेव्हा प्रकरण पोलिसांत गेलं होतं.

इथे दोन्ही बाजूंसाठी सांगतो. घेणाऱ्याने लक्षात ठेवावं की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ते ठरवून दिलं आहे. मालक परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोला आणि पैसे फक्त त्याच्याच खात्यात टाका. विकणाऱ्याने परक्याला आममुखत्यारपत्र देऊच नये. द्यायचंच तर रक्ताच्या नात्यात, एका कामापुरतं खास मुखत्यारपत्र द्यावं. त्यात प्लॉट क्रमांक, खसरा क्रमांक, आखीव पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) तपशील आणि संपण्याची तारीख लिहावी. 'मोबदला मालकाच्या अमुक खात्यातच जमा होईल' हे वाक्य घालावं. आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं. दलाल म्हणेल, 'तुमचं खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) व्हायला वेळ लागेल, तोवर माझ्या खात्यात घेतो.' ऐकू नका. परदेशात राहायला जाताना बचत खातं एनआरओ करून घ्यावंच लागतं, आणि ते जाण्याआधी बँकेत विचारून ठेवता येतं. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही तर अजिबात नको.

फर्निचर, कूलर, फ्रिज विकताना क्यूआर पाठवणारे भेटतातच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं पुरे.

दुसरा धक्का बोटीच्या सौद्यात बसला. बोट खरी होती, ब्रोकरही खरा होता. अशा सौद्यात साधारण दहा टक्के रक्कम आधी भरतात, आणि तपासणीत बोट नापास झाली तर ती परत मिळावी असं करारात लिहितात. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी ब्रोकरच्या नावाने ईमेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, या दुसऱ्या खात्यात भरा. खातं भलत्याच देशातलं. बँकेने परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म घेतला, पैसे गेले. ब्रोकरच्या मेलबॉक्समध्ये कोणीतरी घुसून सगळा पत्रव्यवहार वाचत होतं.

खातं बदलल्याचा ईमेल आला की सौदा थांबवायचा आणि करारावर छापलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्याचे आकडे तोंडी पडताळायचे. ईमेलमधला नंबर लावायचा नाही, तो चोराचाच असतो. चूक लक्षात आली तर त्याच तासात आपल्या बँकेला स्विफ्ट रिकॉल करायला (पाठवलेली रक्कम परत मागवायला) सांगा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रक्कम त्या खात्यातून पुढे सरकली की परत येण्याची आशा फार थोडी उरते.

बोट खरी असली तरी कागद खरे असतीलच असं नाही. हलवर (बोटीच्या धडावर) मागच्या बाजूला, उजवीकडे कोरलेला हल क्रमांक आणि इंजिनाचा सिरियल क्रमांक कागदांशी जुळवा. ब्रिटिश झेंड्याची बोट असेल तर तिथल्या जहाज रजिस्ट्रीतली भाग १ ची नोंद मालकी आणि गहाण दाखवते, भाग ३ ची नोंद मालकीचा पुरावा नसते. भाग १ चा उतारा थेट रजिस्ट्रीतून मागवा. आधीच्या मालकाची मरिनाची किंवा यार्डाची थकबाकी बोटीच्या मागे लागू शकते, म्हणून यार्डाकडून बेबाकी लिहून घ्या. सर्व्हेअर आपला, ब्रोकरने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून किलचे (तळाच्या वजनदार पात्याचे) बोल्ट, हलची ओल आणि दोरखंडांचं जुनेपण पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका.

'बोटीवर राहण्याचा युरोपचा व्हिसा' विकणारे एजंटही भेटतील. शेंगेन देशांत भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीच्या व्हिसाने १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, मग हॉटेलात राहा की स्वतःच्या बोटीवर. बाहेरच्या झेंड्याची बोट कर न भरता युरोपीय संघात १८ महिने ठेवता येते, तो नियम बोटीचा आहे. एजंट हे दोन आकडे मुद्दाम एकत्र करून सांगतात.

मुखत्यारपत्र देऊन आधीच बाहेर गेला असाल तर आजच रद्द करा. जवळच्या भारतीय वकिलातीत रद्दपत्रावर सही साक्षांकित करून घ्या आणि मूळ कागद नागपूरला नातेवाइकाकडे पाठवा. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावावा लागतो. मूळ पत्र नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवा. मुखत्याराला पोच-पावतीसह स्पीड पोस्टने नोटीस, दुय्यम निबंधक आणि बँकेला लेखी कळवणं, नागपुरात खपणाऱ्या मराठी दैनिकात जाहीर सूचना, हे सगळं एकाच आठवड्यात उरका. त्यानंतर दर तीन महिन्यांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या प्लॉटची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) शोधून पाहा, आणि ओळख नसलेलं नाव दिसलं तर त्याच दिवशी नागपूर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या.