13बी रोटरी आणि 2.85 चा रिडक्शन गिअर: अकरा महिने, 92 तास आणि बारा रबरी बुश

पंचवीस तास झाले होते तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, "घरी बांधायच्या विमानाला माझ्दा गाडीचं 13बी रोटरी इंजिन आणि पंख्याचा वेग कमी करणारा हा गिअर, दोन्ही डोळे झाकून घ्या." ते शब्द मागे घेतो. सगळे नाही, अर्धे.

आधीच सांगतो, विमान उडलेलं नाही. बेळगावजवळ मच्छेच्या शेडमध्ये ट्रेलरला साखळ्यांनी बांधलेलं इंजिन, पुढे लाकडी पंखा, मागे मी. अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, तरी नोंदणीची व्हीटी-एनएमडी ही अक्षरं हातात पडायला 2017 साल उजाडलं. आमची फाईल तर अजून बाळसंही धरलेली नाही. तेव्हा हा सगळा अनुभव जमिनीवरचा, हे धरूनच वाचा.

इंजिनाबद्दल तक्रार शून्य. पिस्टनऐवजी गोल फिरणारे दोन तिकोनी रोटर, एक शाफ्ट, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. वाजायला आत आहेच काय? 92 तासांत स्पार्क प्लग सोडून काही बदललं नाही. तेल मात्र तापतं. रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे गाडीचा ऑइल कूलर इथे खेळण्यासारखा वाटतो. मी दुप्पट मोठा बसवला तेव्हा कुठे काटा खाली आला. 5,000 आरपीएमवर तासाला तीसेक लिटर पेट्रोल जातं, म्हणजे तीन हजार रुपये धुरात, हे आमच्या घरात मोठ्याने बोलायचं नाही. आवाजाबद्दल एवढंच, की गेल्या वर्षी सलग चाचणी फक्त गणपतीच्या दहा दिवसांत करता आली. डॉल्बीच्या भिंतीपुढे आमचं इंजिन कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता गिअर. तो का लागतो हे तुम्हाला माहीत आहे, तरी ज्यांना "थेट पंखा लावला तर?" असं अजून वाटतं त्यांच्यासाठी: 68 इंची पंखा मिनिटाला 6,000 फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 540 मीटरच्या वर जातो. आवाजाचा वेग 340. पंखा ढकलायच्या ऐवजी नुसता बोंबलतो. 2.85 ने भागलं की पंखा 2,100 वर येतो आणि सुखाने हवा कापतो.

माझा गिअर जुना, एका अर्धवट सोडलेल्या प्रकल्पातून घेतलेला. प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारा, दात स्वच्छ. पण पहिल्या दिवसापासून आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असताना, 1,300 च्या आसपास खडखड. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. भाचा म्हणाला, "मामा, हे काय वाजुलालंय?" मी म्हटलं, गिअर आहे, वाजणारच. पण ती खडखड माझ्या डोक्यात बसली. रात्री झोपेतही ऐकू यायची. इंजिन उत्तम, ताकद उत्तम, आणि मी अकरा महिने फक्त त्या एका आवाजामागे.

कारण साधं आहे. इंजिन धक्क्याधक्क्याने फिरवतं, दोन रोटरचं मिळून शाफ्टच्या फेऱ्याला दोन धक्के. पंखा जड, त्याला एकसारखं फिरायचं असतं. मधल्या दातांना थोडी ढील असते. कमी वेगात दात एकदा या बाजूला आपटतो, एकदा त्या बाजूला. म्हणून इंजिन आणि गिअरच्या मध्ये धक्के पिणारी जोड, बारा रबरी बुशांचं कपलिंग. 1,300 म्हणजे सेकंदाला 43 धक्के, आणि नेमकं तेवढ्यावरच माझं कपलिंग झुलत होतं.

मूळचे बुश चिरले तेव्हा नवा संच मागवायचा तर चौदा हजार. बारा रबरांना! विकणाऱ्याला फोन केला, म्हटलं माणूस पाठवा, मोजून घ्या, बघा तरी. तर म्हणे आमचा माणूस महाराष्ट्र विभागाचा, कोल्हापूरपर्यंतच येतो. बेळगाव दक्षिण विभागात, तो बंगळूरहून येईल. बंगळूरवाला म्हणाला, तुमचं बिल महाराष्ट्राच्या खात्यावर आहे. तीन आठवड्यांनी तोडगा काय निघाला? "इंजिन सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत आणा, तिथून पुढे आम्ही बघू." सीमाप्रश्न रबराच्या बुशालाही सुटला नाही.

मग केलं ते, जे बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, कुणीही करेल. पंपाच्या कपलिंगची रबरं करणाऱ्याकडे नमुना दिला. नगाला 85 रुपये. त्याने विचारलं, "सत्तर शोअर की नव्वद?" शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप. मी शहाणपणा केला, म्हटलं नव्वद, जास्त टिकतील. "आयतु सर," म्हणजे झालं सर, म्हणाला आणि चौथ्या दिवशी बारा काळेभोर, घट्ट बुश हातात ठेवले.

आयडलची खडखड गायब. तीन दिवस मी हवेतच होतो. मग 1,850 ला ती परत आली, आणि आता शेडचे पत्रे हलायला लागले. रबर कडक केलं की झुलण्याचा वेग वर सरकतो. कडकपणा दुप्पट झाला तर साधारण 1.4 पट. 1,300 गुणिले 1.4 करून बघा. म्हणजे आयडलवरचं दुखणं मी उचलून नेमकं टॅक्सी करायच्या, म्हणजे विमान जमिनीवर चालवायच्या, वेगात नेऊन ठेवलं होतं. सहा तासांत दोन बुश तुटले, एका बोल्टचं भोक अंडाकृती झालं. गिअरचं तेल सोडायचा ड्रेन प्लग काढला तर त्याच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर, आणि बोटाने चोळल्यावर उन्हात धातूची चमकी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता सत्तरचे बसवलेत. तेच दुकान, तोच 85 चा भाव. शिवाय पंख्याच्या टोकाची पितळी पट्टी काढून हलकी घातली. खडखड परत 1,300 लाच आली, पण मी थ्रॉटलच्या पट्टीवर 1,650 ला पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. तिच्या खाली थांबायचंच नाही. सुरू झालं की सरळ वर. चौदा हजारांचा संच घेतला असता तरी हीच रेघ मारावी लागली असती, हे पुढे कळलं. त्याचा राग जास्त की आनंद, अजून ठरत नाही.

नवे बुश बसवून एकोणीस तास झाले. काल ड्रेन प्लग काढला, चुंबक जवळजवळ कोरं. बोल्टचं भोक बुजवून परत रीम, म्हणजे नीट गोल, केलं त्याचे सोळाशे गेले, ते मात्र नव्वद शोअरच्या नावावर. त्या दहा शाबूत बुशांपैकी चार बायकोने वॉशिंग मशीनखाली ठेवलेत, आणि ड्रायरला लागलं की मशीन आता मोरीतून स्वयंपाकघराकडे चालत येतं.